चांगल्या पायाचे माप

प्राण्यांच्या डॉक्टरांनी कात्री खाली ठेवली आहे. टेबलावर चिंधी नावाची कुत्री कुशीवर पडली आहे आणि तिच्या पायावरून नुकतीच उतरलेली मी शेजारच्या ताटलीत. हा वास तिचा की माझा, हे आता वेगळे करता येत नाही.

मित्रांनो, मी मांजरपाटाची, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाची, एक जुनी पट्टी आहे. पट्टी होण्याआधी मी एका शिंप्याच्या दुकानात होते. भारी कापडाला कात्री लावण्यापूर्वी मास्तर मला कापून, टाचून गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघत. कितीतरी कोट माझ्यानंतर जन्मले. समारंभाला मला मात्र कधी कुणी नेले नाही. टाके उसवले की मी पुन्हा कोपऱ्यातल्या चिंध्यांत. तिथेच ही कुत्री झोपायची, म्हणून ती चिंधी.

एका दुपारी दुकानासमोर टेम्पो मागे आला आणि तिचा पुढचा उजवा पाय चाकाखाली सापडला. मास्तरांनी तिला उचलून आत आणले. त्यांनी मापाची टेप काढली. पण दुखऱ्या पायाला टेप लागताच चिंधी कळवळली. मग त्यांनी तिच्या धडधाकट डाव्या पायाचे माप घेतले आणि त्या मापाने मला उजव्या पायावर, दोन लाकडी पट्ट्यांसकट, शिवून टाकले.

"कुत्र्याला मांजरपाट! शोभतंय हो," काजे-बटणे करणारी त्यांची बायको डोळे पुसता पुसता हसली.

"बघ, एक सुरकुती नाही. दातानं ओढली तरी निघायची नाही."

मला अभिमान वाटला. आयुष्यात प्रथमच मी कच्ची शिवण नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाय माझ्या आत फुगू लागला. मला सैल व्हायचे होते. टाके होऊ देईनात.

"अहो, बोटं गार लागतायत. उसवून बघा ना जरा."

"फरशीवर पडून असते, गार नाही तर काय लागणार? माझं शिवलेलं आजवर कुणी परत आणलंय का?"

चिंधी मला चावत राहिली. मास्तरांनी तिच्या तोंडाला नाडी बांधली. पाचव्या दिवशी तिने धडपड सोडली, तेव्हा त्यांना वाटले, उतार पडला. खरे तर पाय मरत होता. माझ्याइतके जवळून ते कुणालाच कळत नव्हते. वास सुटला, तेव्हा कुठे दोघांनी तिला इथे, डॉक्टरांकडे आणले.

मित्रांनो, जखम झाकली म्हणजे भरली असे समजू नका. पट्टीखालची बोटे रोज चाचपा. ती सुजली, गार पडली, तर पट्टी लगेच सोडवा आणि डॉक्टरांना गाठा. मुका जीव दातांनी काही सांगत असेल, तर त्याचे तोंड बांधू नका.

"पाय काढावा लागेल. खांद्यापासून, आजच," डॉक्टर सांगतात. "माप कशाचं घेतलं होतंत?"

"चांगल्या पायाचं."

"सुजणाऱ्या पायाला ते कसं पुरेल, मास्तर?"

डॉक्टर आतल्या खोलीत तयारीला जातात. मास्तर बायकोकडे वळतात.

"तू सांगितलंस तेव्हाच उसवलं असतं, तर वाचला असता का गं पाय?"

ती चिंधीला दोन्ही हातांवर उचलून घेते, लोंबणारा पाय कोपराशी सावरते आणि आतल्या खोलीकडे चालू लागते.