दोनशे अठरा नंबरचा फोटो

यंदा आषाढी एकादशीला पद्माताईंनी संकठा देवीसमोर हात जोडून नेम धरला, की कार्तिकीपर्यंत घरात आवाज चढवायचा नाही. कांदा-लसूण सोडला, वांगी सोडली, त्याबरोबर हेही सोडलं. देवीनं तो नेम नीट ऐकून घेतला असावा, कारण पंधरा दिवस जातायत न जातायत तोच तिनं त्यांच्यापुढे श्रीनिवासगुरुजींचा कॅमेरा आणून ठेवला.

गुरुजी म्हणजे पद्माताईंचे पती, गंगेकाठच्या दुर्गाघाटावरचे तीर्थोपाध्याय. सातारा-कराडकडची घराणी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे उतरतात, आणि जाताना यजमान आपल्या हातानं वहीत नाव-गाव लिहून जातो. नऊ वर्षांपूर्वी एका यजमानानं गुरुजींना कॅमेरा भेट दिला. तेव्हापासून निघणाऱ्या प्रत्येकाला दारात उभं करून एक फोटो काढायचा आणि वहीत नावापुढे त्याचा नंबर टाकायचा, हा गुरुजींनी नवाच विधी सुरू केला होता.

त्या दिवशी सकाळी कराडच्या गीताबाई आणि त्यांची मुलगी अंतरा निरोप घ्यायला आल्या. गीताबाईंचे पती रत्नाकरराव गेल्या महिन्यात गेले. कालच गंगेत त्यांच्या अस्थी सोडून झाल्या होत्या. गाडी दुपारची, म्हणजे एक वाजता तरी सामान घेऊन रिक्षासाठी मैदागिनच्या चौकापर्यंत चालत निघायला हवं. आता साडेअकरा झाले होते.

"गुरुजी, एवढा एक फोटो द्या," गीताबाई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं आलो होतो, तेव्हा तुम्ही दारात काढला होता. आमचे हे फोटोला उभेच राहायचे नाहीत. कुणी मोबाईल काढला की उठून परसात. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांखाली तोंड दिसत नाही."

"आणि आधारकार्डावरचा कुणा दुसऱ्याचाच वाटतो," अंतरा म्हणाली. "भिंतीवर लावायला बाबांचा एक धड फोटो नाही आमच्याकडे."

"लो, इतकंच? दोन मिनिटं." गुरुजींनी वही उघडली. श्रावण वद्य त्रयोदशी, रत्नाकररावांचं तिरकं अक्षर, आणि पुढे गुरुजींच्या हातचं 'फोटो २१८'. त्यांनी लॅपटॉप उघडून मोठ्या ऐटीत दोनशे अठरा नंबरचा फोटो लावला.

पडद्यावर नऊ माणसं आणि एक पाळण्यातलं मूल आलं.

"हे कोण?" अंतरानं विचारलं.

"हे नागपूरचे. यंदाच्या वैशाखातले."

"मग आमचा?"

"तोही दोनशे अठराच," गुरुजी म्हणाले, आणि वहीत बघत, "त्या वर्षीचा."

पद्माताई वाळत घातलेली उपरणी काढत होत्या. त्यांचे हात थांबले.

"अहो, दर वर्षीचा दोनशे अठरा वेगळा असतो?"

"असणारच. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही एक नंबरच्या पानापासून सुरू करतो की नाही? तसा कॅमेराही करतो. हळदकुंकू वाहून, त्यात ते बटण आहे ना, नंबर परत एकवर आणायचं."

अंतरानं डोळे मिटले. "गुरुजी, तो नंबर चालू ठेवायचा असतो. दहा हजारांपर्यंत जातो तो आपला आपण. बरं, तुम्ही सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकलेत. कॉम्प्युटरनं विचारलं नाही, या नावाचा आधीच एक आहे म्हणून?"

"विचारतो ना! दर वेळी विचारतो, बदलू का म्हणून. मी म्हटलं, इतक्या नम्रपणे विचारतोय बिचारा, नाही कशाला म्हणा."

नऊ वर्षांची माणसं नम्रपणे एकमेकांच्या अंगावर चढून पुसली गेली होती. पद्माताई स्वयंपाकघरात गेल्या, फोडणीच्या डब्याचं झाकण काढलं, परत लावलं, आणि चुलीकडे तोंड करून अगदी हलक्या आवाजात बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. मग बाहेर आल्या.

वहीतल्या त्या तिरक्या अक्षरावर गीताबाईंनी बोट ठेवलं होतं.

"कॅमेऱ्यातलं कार्ड तरी आहे का?" अंतरानं विचारलं.

इथे मात्र गुरुजींचा स्वभाव कामाला आला. या माणसाच्या हातून जुनं काही टाकवत नाही, मग ते तुटलेलं जानवं असो की भरलेलं कार्ड. देवघरातून त्यांनी कुंकवाचा रिकामा करंडा आणला. त्यात पाच कार्डं होती, सगळी लालबुंद, एकावरही चिठ्ठी नाही.

अंतरानं ती पदरानं, म्हणजे ओढणीनं पुसून एकेक लावली. गुरुजींनी नंबर जितक्या वेळा एकवर आणला, तितके निराळे कप्पे कार्डांत तयार झाले होते, आणि प्रत्येक कप्प्यात एक दोनशे अठरा. पहिल्यात वाईचं जोडपं. दुसऱ्यात गुरुजींचा अंगठा. तिसऱ्यात गाय. असे सगळे पाहून झाले. रत्नाकरराव कुठेच नव्हते.

"तारखेनं शोधू या," असं म्हणून अंतरानं तारखा पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी कधी लावलंच नव्हतं. नऊ वर्षांचे यजमान एक जानेवारीला आले होते.

"पण वहीतला नंबर तर दोनशे अठराच ना?" पद्माताईंनी विचारलं. "तुम्ही कॅमेऱ्यात बघूनच लिहिता ना?"

गुरुजींनी शेंडीला हात लावला. "संध्या झाल्यावर लिहितो. आठवून."

"आठवून."

"साधारण."

'देवी, बघतेस ना,' पद्माताई मनात म्हणाल्या. मग मोठ्यानं, म्हणजे त्यांच्या मोठ्यानं, "अहो, तुम्ही जरा पाणी पिऊन या. गंगेवर जाऊन प्या."

"तीन हजारांवर फोटो आहेत, काकू," अंतरा रडकुंडीला आली होती. "एक वाजेपर्यंत कसे बघणार?"

तिनं बारीक बारीक चौकोन पडद्यावर पसरले. चेहरे मोहरीएवढे. पद्माताई चष्मा लावून वाकल्या, आणि त्यांचा जुना राग उसळून आला. प्रत्येक चौकोनात, प्रत्येक माणसाच्या पायाखाली, त्यांची रांगोळी. नऊ वर्षं त्या सांगत होत्या, की पहाटे अंघोळ करून नेमानं काढलेली असते, तिच्यावर लोकांना उभं करू नका. गुरुजींचं एकच उत्तर, "उजेड तिथेच चांगला येतो."

"बघा, शंखावर बूट," त्या पुटपुटल्या. आणि त्याच चौकोनावर आणखी वाकल्या. "अंतरा, थांब. वहीत तिथी कुठली आहे?"

"श्रावण वद्य त्रयोदशी."

"म्हणजे प्रदोष. प्रदोषाला मी उंबऱ्याच्या डाव्या अंगाला बेलाचं पान काढते. चातुर्मासात मधोमध एक चिन्ह, आषाढीला धरलेलं, ते कार्तिकीपर्यंत रोज तेच. गेल्या वर्षी गोपद्मं होती. त्याच्या आधी शंख." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "माणसं नको बघूस. पाय बघ. शंख असेल तिथे थांब, आणि डावीकडे बेल शोध."

अंतरानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि भराभर खाली सरकू लागली. कमळं गेली, स्वस्तिकं गेली. शंख लागले. शंखाबरोबर चतुर्थीच्या दूर्वा, एकादशीची तुळस.

"बेल!" गीताबाईच ओरडल्या.

फोटो मोठा झाला. नंबर होता एकशे चौर्‍याण्णव. दारात गीताबाई ताठ उभ्या, डोक्यावर पदर, आणि त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन रत्नाकरराव जवळजवळ एका पायावर. दुसरा पाय शंखाच्या टोकावरून अलगद पलीकडे नेत होते. चेहरा किंचित खाली, पण पुरता उजेडात. स्वतःच्याच तारांबळीचं हसू आलेलं.

"मला म्हणत होते," गीताबाई म्हणाल्या, "बाईंनी एवढी सुरेख काढलीय, पुसायला नको." त्यांनी पदर तोंडाला लावला. "रांगोळी वाचवायच्या नादात पळून जायचं विसरले बघा."

पद्माताई बराच वेळ तो उचललेला पाय बघत राहिल्या. तीन हजारांत एक माणूस.

अंतरानं फोटो स्वतःच्या मोबाईलवर घेतला, आईच्या घेतला, शिवाय भावाला पाठवला. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं, नंबर चालू राहील असं करून दिलं. "गुरुजी, आता याला हात लावायचा नाही."

"पाडव्यालासुद्धा?"

"पाडव्याला हळदकुंकू वाहा," पद्माताई इतक्या हळू म्हणाल्या, की गुरुजी एक पाऊल मागे सरले. "लांबून."

पावणेएकला मायलेकी दारात उभ्या राहिल्या. दोघींनी आपण होऊन रांगोळीच्या कडेला पाय ठेवले. गुरुजींनी फोटो काढला, आत येऊन वही उघडली. आज संध्येपर्यंत थांबायचं धाडस नव्हतं.

"अगं, नंबर कोणता टाकू? आता हा एकपासून की..."

"नंबर नकोच. तिथी लिहा आणि रांगोळी लिहा."

गुरुजींची लेखणी थांबली. "आज काय काढलं होतंस?"

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. रोज हा माणूस त्याच उंबऱ्यावरून गंगेवर जातो. आवाज अगदी गळ्यापर्यंत आला होता. पद्माताईंनी तो संकठा देवीचं नाव घेऊन गिळला आणि दाराकडे बोट दाखवलं.

गुरुजी वही घेऊन उंबऱ्याशी गेले, धोतर सावरून उकिडवे बसले, आणि चष्मा पुसून बघू लागले.