खेचरावरचं वजन

अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्यांच्या हाताला चेंडू सहसा लागतच नाही, अशा रांगेतल्या पाच पोरांवर लमार पेटवेचा जीव होता. पळणारा पळतो, फेकणारा फेकतो, पेपरात फोटो त्यांचेच येतात. पण समोरच्या धिप्पाड रांगेला रेटून वाट मोकळी करणारे हे पाच जण नसले, तर त्या दोघांचं काही खरं नाही. अलाबामातल्या टॅलो क्रीकच्या शाळेत लमार ही रांग घडवायचा. यंदाच्या पोरांपैकी दोघांचे बापही त्याच्याच हाताखालून गेले होते.

त्याची रीत एकच. मैदानाच्या कडेला एक बिनचाकी लोखंडी गाडा होता, पुढे पाच गाद्या, मागे उभं राहायला फळी. पोरं त्याला खेचर म्हणत. पाचांनी गाद्यांना खांदे भिडवून तो रेटायचा आणि फळीवर कोचनं स्वतः उभं राहायचं. बाकीच्या शाळा लोखंडाची वजनं लावत, लमारला ते पसंत नव्हतं. "मीच तुमचं वजन," तो म्हणे. आणि खोटं नव्हतं ते. चर्चच्या बाकावर तो बसला की शेजारच्या बायका मुकाट सरकत.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र खेचर पळायला लागलं.

"आईची चवळी अंगी लागली बघा," टूली म्हणाला. डाव्या टोकाचा हा पोरगा बोलण्यात कुणाला हार जात नसे. "अजून महिनाभरानं खेचर शेपटीला धरून उचलतो मी."

"तू आधी स्वतःला उचल," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मधल्या जागेवरचा क्विन्सी हसला नाही. तो लमारचाच मुलगा. जोर वाढलेला नाही, वजन घटलंय, हे त्याला ठाऊक होतं. लमारच्या पोटात कॅन्सर होता. घरात तो, क्विन्सी आणि क्विन्सीची आई व्हर्लीन, एवढ्यांनाच माहीत. बाहेर सांगायला साखरेचं निमित्त होतं, डॉक्टरनं तळलेली कोंबडी बंद केलीय म्हणून. "पहिली मॅच होऊ दे, मग मला कुठल्या हॉस्पिटलात टाकायचं तिथे टाका," लमार म्हणाला होता. "ही माझी शेवटची रांग. तेवढी नीट उभी करून जाऊ दे."

एके दिवशी खेचर असं सुसाट सुटलं, की लमारचा पाय फळीवरून निसटला. दांडा दोन्ही हातांनी कवटाळून तो कसाबसा वर राहिला. "काय रे," तो गोंधळून म्हणाला, "एवढं हलकं कसं झालं हे?" बापाचा तो चेहरा क्विन्सीला बघवला नाही. कपडे बदलायच्या खोलीत त्यानं चौघांना सगळं सांगून टाकलं. टूली टॉवेलात तोंड खुपसून बसला.

दुसऱ्या दिवसापासून खेचर जड झालं. पोरं कण्हत होती, धापा टाकत होती, अर्ध्यावर गुडघ्यांवर हात टेकून थांबत होती. फळीवर लमारला जुना हुरूप आला.

"रेटा की! माझी आजी याहून जोरात रेटायची, तीही कडेवर पोर घेऊन!"

त्या रात्री कित्येक दिवसांनी त्यानं मक्याची लापशी मागून घेतली. व्हर्लीन स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडली. आपण चांगलं केलं, असं क्विन्सीला वाटलं.

मग पहिला सामना आला. समोरच्यांनी या पाचांना पडदा सारावा तसं बाजूला सारलं. मध्यंतरापर्यंत टूलीचे पाय लटपटायला लागले, क्विन्सी कितीदा पाठीवर पडला. लमार आधी ओरडत होता, मग नुसताच बघत राहिला. सामना कधीच हातचा गेला होता.

सकाळी उठून तो सरावाच्या मैदानावर गेला. क्विन्सी मागोमाग. खरा जोर लावला की बुटांचे खिळे जमीन फाडतात. दरवर्षी या सुमारास खेचरामागचा पट्टा नांगरल्यासारखा झालेला असे. लमार खाली बसला आणि त्यानं गवतावरून हात फिरवला.

"गवत शाबूत आहे."

"कोच..." क्विन्सी म्हणाला. मैदानावर डॅडी म्हणायचं नाही, हा लमारचाच नियम.

"किती दिवस चाललं होतं हे नाटक?"

"तुम्ही पडला असता."

"पडलो असतो. उठून फळीवर वजनाला पोती लादली असती." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर क्विन्सीला बरं वाटलं असतं. "एक रांग मागितली होती रे मी. आणि तुम्ही मला नुसतं फिरवत होतात? दया करायची तर घरी करायची, क्विन्सी. इथे जो जोर चोरतो, तो आपल्याच माणसाला मारतो."

क्विन्सी तिथेच हमसून हमसून रडला. लमारनं त्याला रडू दिलं.

सोमवारी हॉस्पिटलात जायच्या वाटेवर लमारनं व्हर्लीनला ट्रक मैदानाकडे वळवायला लावला. आता त्याला उभं राहवत नव्हतं. पोरांनी फळीवर खुर्ची बांधली आणि दोन्ही बाजूंना टूलीच्या बापाकडची कोंबडीखाद्याची पोती रचली. बापाच्या कमरेभोवती दोर क्विन्सीनं बांधला. एवढासा दोर पुरला.

"घट्ट बांध," लमार म्हणाला. "आणि आज गवत राहिलं तर बघा."

पोरांनी रेटलं. कण्हायचं सोंग करायला दमच उरला नाही. गवत फाटलं, खालची तांबडी माती वर आली. पट्ट्याच्या टोकाला खेचर थांबलं, तेव्हा लमारनं मान वळवून मागचे चर पाहिले.

"जड होतं?"

"हो, डॅडी." तोंडून निघून गेलं. लमारनं टोकलं नाही.

"त्यात माझं किती?"

क्विन्सीनं पोत्यांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. बापाला बरं वाटेल ते उत्तर ओठांवरच होतं. ते त्यानं गिळलं.

"फारसं नाही, डॅडी."

लमारनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते.

"हं," तो म्हणाला. "आता खरं बोललास. चला, परत लागा."

क्विन्सीनं मान खाली घातली आणि गादीला खांदा लावला.