कमलच्या हळदीची ओवी

मोहगावच्या शकुबाईला एकही ओवी पाठ नव्हती. पाठ करायची तिला गरजच नव्हती. जात्याचा खुंटा हातात आला की समोर दिसेल त्याचं नाव गुंफून ती तिथल्या तिथे ओळ जुळवायची. आसपासच्या गावांत तिच्याशिवाय लग्नाची हळद दळली जात नसे, आणि बाईला त्याचा तोराही होता.

पण सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात जावयाच्या दुसऱ्या लग्नाची हळद दळायला सौंसरला जाणं म्हणजे काळजावर दगड ठेवणंच होतं. पोटची पंचफुला जाऊन वर्ष झालं होतं. तिची चार वर्षांची छाया तेवढी मागे राहिली होती. गुणवंतानं, म्हणजे जावयानं, बोलवायला आला तेव्हा कबूल केलं होतं, "लगन लागलं का पोरीले घेऊन जा, मामी. नव्या बाईले कायले तरास?" त्या एका आशेवर शकुबाई आली होती.

बिजवराचं लग्न, म्हणून नवरीकडचे लोक तिला घेऊन पांढुर्ण्याहून इथेच आले होते. कमल जात्याजवळ पाटावर बसली. शकुबाईनं खुंटा धरला, डोळे मिटले आणि गळा आपल्या जुन्या वाटेनं गेला:

"हयद दयू बाई, पिवये झाले हात,
पंचफुला नवरी बसली मांडवात."

मेलेल्या सवतीचं नाव नव्या नवरीच्या हळदीत! कमलचा चेहरा पांढराफटक पडला. तिची आई तर उठूनच उभी राहिली. हळदीचं जातं अशा वेळी थांबवायचं नसतं; चुकून आलेलं नाव पुढच्या ओळीत सावरून घ्यावं लागतं. शकुबाईनं जातं फिरतं ठेवलं. जीभ अडली नाही:

"पंचफुला दिसे मले कमलच्या रूपात,
छाया लेक देल्ली बाई तिच्याच पदरात."

कमल हमसून रडली. तिच्या आईनं खाली बसत डोळ्यांना पदर लावला. आपण काय देऊन बसलो, हे शकुबाईला ओवी संपल्यावर कळलं. हळदीच्या जात्यावर बायकांसमोर दिलेलं परत मागत नाहीत.

तरी लग्न लागल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं गुणवंताला गाठलंच. "जवाईबापू, पोरीले नेतो म्हटलं होतं मी..."

"आता कशी नेता, मामी? तुमीच तं साऱ्यांसमोर देऊन बसल्या." बोलताना त्यानं मान वर केली नाही.

ओट्यावर कमल छायाची वेणी घालत होती. गुणाची पोर होती कमल, तिचा राग करायचीही सोय नव्हती. शकुबाईला त्याचंच जास्त रडू येत होतं.

बस स्टँडवर छाया बापाच्या कडेवर बसून आली, ती आजीच्या गळ्याला मिठी मारून सोडेना.

"जाय बाई, मायजवळ जाय," शकुबाई म्हणाली.

"माही माय तं मेली न, आजी?"

शकुबाईनं पोरीचे हात गळ्यातून सोडवले आणि मोहगावच्या बसमध्ये एकटीच चढली.