घेवड्याचा पेपर

माझी बायको सुरेखा पुण्यात एका शाळेत गणित शिकवायची, पण तिची ख्याती गणितासाठी नव्हती. ती कॉपी पकडायची. मोज्यातली, कंपासपेटीतली, एकदा तर मोडलेल्या हाताच्या प्लास्टरमधली. निवृत्त झाल्यावर हे कौशल्य गंजून जाईल अशी मला भाबडी आशा होती. मग आम्ही दोन महिन्यांसाठी आयर्लंडला मुलाकडे गेलो, जगाला कुलूप लागलं, आणि नोव्हेंबर उजाडला तरी आम्ही तिथेच. कॅरिगलाइनच्या त्या लहानशा घरात तिला पर्यवेक्षण करायला उरलो दोघे जण. मी आणि जयेश.

जयेश रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. तिशी उलटली तरी लग्न नाही. या दुखण्यावर माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे सुरेखाच्या लतावन्संनी, कोथरूडची निवेदिता नावाची मुलगी शोधली होती. दिवाळीनंतरच्या एका रविवारी झूमवर कांदेपोहे ठरले. पोहे ज्यानं त्यानं आपापल्या घरी करून खायचे. सुरेखानं वन्संना शब्द दिला होता, आणि वन्संना दिलेला शब्द मोडून आमच्या घराण्यात अजून कोणी सुखानं जगलेलं नाही.

अशात एका शुक्रवारी संध्याकाळी तिनं मला खुणेनं बोलावलं.

"अहो, इकडे या. आवाज करू नका."

आयर्लंडमध्ये स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. वरच्या प्रेसमध्ये, कुकरच्या मागे, झाकण ठेवलेलं पातेलं होतं. आत पाण्यात कसलेसे दाणे भिजत पडले होते.

"घेवडा आहे," मी म्हणालो.

"एवढा?"

दाणे खरोखरच अंगठ्याच्या पेराएवढे होते. जांभळे, अंगावर काळे शिंतोडे. सुरेखानं एक दाणा पदराला घासून पाहिला. रंग गेला नाही, त्यामुळे तिचा संशय वाढला. गेला असता तरी वाढलाच असता. पातेल्याशेजारी एक बाटली होती, जर्मन अक्षरांची, आत काळंकुट्ट तेल.

"गाडीचं आहे," ती म्हणाली.

"गाडीचं तेल प्रेसमध्ये कोण ठेवेल?"

"लपवायचं असेल तो ठेवेल."

शनिवारी सकाळी जयेशनं तो घेवडा शिजवला. विचारलं तर म्हणाला, "सॅलड आहे गं आई, ऑस्ट्रियन." त्यात कांदा, व्हिनेगर, आणि वरून ते काळं तेल, कच्चंच. मग सगळं स्टीलच्या डब्यात भरलं आणि स्वारी डबा घेऊन फिरायला गेली. फिरायला! घरात एक दाणासुद्धा ठेवला नाही. दुपारी डबा परत आला तो रिकामा, घासूनपुसून चकचकीत.

"रिकामा," सुरेखा डब्यात डोकावून म्हणाली. मी आयुष्यात इतका आरोप भरलेला रिकामा डबा पाहिला नव्हता. "आपल्यातलं कोणी असतं तर निदान चिमूटभर साखर तरी घालून दिली असती. हे घर परक्यांचं आहे. आणि पाच किलोमीटरच्या आत आहे."

पाच किलोमीटर ही सरकारची मर्यादा होती. त्यापलीकडे फिरायला बंदी. रोगाचं काय झालं मला माहीत नाही, पण संशयितांचा शोध घेण्यासाठी इतकी सोय कुठल्याच सरकारनं आजवर केली नसेल.

पुढल्या शुक्रवारी तिनं भिजलेलं पातेलं जेवणाच्या टेबलावर मधोमध आणून ठेवलं आणि जयेशच्या समोर बसली. हीच तिची जुनी पद्धत. काही विचारायचं नाही, सापडलेली वस्तू समोर ठेवायची आणि चष्मा पुसायचा.

दुसऱ्यांदा चष्मा पुसल्यावर जयेश बोलला.

मुलीचं नाव काथरिना. त्याच्याच कारखान्यात, ऑस्ट्रियाची. तिची आई हिल्डा उन्हाळ्यात आली ती आमच्यासारखीच अडकली. हा घेवडा त्यांच्या गावाकडचा, आणि तेल भोपळ्याच्या बियांचं. हिल्डाबाईंचं म्हणणं असं, की ज्याला हे सॅलड धड करता येत नाही त्याला धीर नसतो, आणि धीर नसलेल्या माणसाला मुलगी द्यायची नसते.

"म्हणजे?" सुरेखा म्हणाली. "ती तुला बघतेय?"

"बघतेय असं नाही गं..."

"तू करून नेतोस, ती चाखते, तू उभा असतोस. उभा कुठे असतोस?"

"कुंपणाबाहेर. आत जायची परवानगी नाहीये ना."

"अहो, ऐकलंत? आपल्या मुलाचे कांदेपोहे चाललेत. रस्त्यावर!"

मी म्हणालो, "घेवडा आहे. पोहे नाहीत."

"तुम्ही गप्प बसा. मग? पास केलं का तिनं?"

जयेश खाली बघत म्हणाला, "दोनदा नापास. एकदा दाणे कच्चट राहिले, एकदा मऊ पडले. उद्या शेवटचं. सोमवारी तिचं विमान आहे. ती हो म्हणाली नाही तर काथरिना पुढे जाणार नाही, आई. तिचं तसं आहे. आणि मला तीच पाहिजे."

एका बाजूला वन्संना दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला पोरगा. सुरेखा कुठल्या बाजूला आहे ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. ती एवढंच म्हणाली, "नापास? माझा मुलगा? घेवड्यात?"

शनिवारी सकाळी जयेशनं घेवडा शिजवला. या वेळी दाणा अगदी मनासारखा झाला, बोटानं दाबला की दबायचा, पण फुटायचा नाही. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला, कसलंसं यंत्र बंद पडलं होतं. "दोन तासांत येतो, मग बाकीचं करतो," म्हणून तो गेला.

मी पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचा आवाज आला. पाठोपाठ असा काही कडवट, जळका वास आला की मी धावलो.

सुरेखानं ते काळं तेल कढल्यात तापवलं होतं. सगळं. त्यात मोहरी, हिंग, लसणाच्या चार पाकळ्या आणि लाल मिरची घालून घेवड्यावर चरचरीत फोडणी दिली होती.

"कच्चं तेल घालतो येडा," ती म्हणाली. "म्हणून नापास होतो."

जयेश आला, त्यानं डबा उघडला आणि तो खाली बसला.

"आई, हे तेल तापवायचं नसतं. कडू होतं. बाटली कुठेय?"

बाटली कचऱ्यात होती.

त्यानं डब्याचं झाकण परत लावलं. मग अगदी हळू म्हणाला, "मुद्दाम केलंस?"

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं होतं. उद्या झूमवर पोहे, आज मुलगा नापास. सुरेखानं आयुष्यात इतके गुन्हेगार पाहिलेत की एखादा गुन्हा तिला स्वतःला सहज जमला असता. आम्ही दोघे तिच्याकडे बघत राहिलो, जसं ती सदतीस वर्षं इतरांकडे बघत आली होती.

तिचा चेहरा लाल झाला. "मी पोराचा पेपर फाडीन?" तिनं कोट चढवला, मास्क लावला, डबा उचलला. "चला. कुठलं घर?"

"आई, जाऊ दे. मी फोन करून सांगतो तिला."

"कुठलं घर ते विचारलं मी."

आम्ही तिघे भुरभुरत्या पावसात निघालो. वाटेत कुत्रा फिरवणाऱ्या एका आयरिश आजोबांनी "ग्रँड डे!" म्हणून हात हलवला. सुरेखानं त्यांच्याकडेही संशयानं पाहिलं. अशा पावसाला चांगला दिवस म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोय हे उघड आहे.

कुंपणाच्या आत दोघी उभ्या होत्या. काथरिना उंच, गोंधळलेली. हिल्डाबाई बुटक्या, जाड चष्म्याच्या. त्या सुरेखाकडे ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर माझ्या घरातली होती. मला एकदम परकेपणा वाटेनासा झाला.

सुरेखानं डबा कुंपणाच्या दगडी भिंतीवर ठेवला, दोन पावलं मागे सरकली आणि मुख्याध्यापकांसमोर द्यावा तसा जबाब इंग्रजीत दिला. दाणे मुलानं शिजवले, ते नीट आहेत. तेल तिनं तापवलं. मुलाला माहीत नव्हतं. पेपर दुसऱ्यानं लिहिलेला आहे, तेव्हा मार्क मुलाचे कापू नयेत.

काथरिनानं भाषांतर केलं. हिल्डाबाईंनी डबा घेतला, काटा मागवला, एक दाणा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. जयेशनं डोळे मिटले. मग त्यांनी दुसरा दाणा घेतला. या वेळी वरची मोहरी बाजूला सारून, दाणा दाताखाली हळूच दाबून. तिसरा मात्र त्यांनी मोहरीसकट खाल्ला आणि काही तरी म्हणाल्या.

"आई म्हणते, तेलाचा खून झालाय," काथरिना म्हणाली. "पण दाणा बरोबर आहे. बाकीचा पेपर दुसऱ्याचा, म्हणून आज निकाल नाही. परीक्षा परत."

"पण सोमवारी विमान..." जयेश म्हणाला.

हिल्डाबाई खांदे उडवून आत गेल्या. म्हणजे विमान पुढे ढकललं. त्या वर्षी जगातली प्रत्येक परीक्षा पुढे ढकलली होती, ही एक कशाला मागे राहील? थोड्या वेळानं काथरिनानं डबा परत आणून भिंतीवर ठेवला.

परतताना सुरेखानं जयेशच्याच फोनवरून लतावन्संना फोन लावला. "वन्सं, उद्याचं रद्द करा... नाही, तब्येत बरी आहे... त्याची परीक्षा आहे हो. आता काय सांगू, या वयात." पलीकडून वन्सं बरंच बोलल्या. सुरेखानं फोन कानापासून जरा लांब धरला आणि चालत राहिली.

घरी येऊन तिनं डबा उघडला. आत काठोकाठ कोरडा घेवडा होता, आणि त्यात खोचलेली काळ्या तेलाची छोटी बाटली. जयेशला इतक्या महिन्यांत मी असं हसताना पाहिलं नव्हतं.

सुरेखानं घेवडा ताटात ओतला आणि खिडकीपाशी निवडायला बसली. एकही खडा नव्हता, एकही किडका दाणा नव्हता. तिच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली.

"अहो, डबा भरून दिला तिनं."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसलं? उगाच कोणी भरून देत नाही. तिला काहीतरी हवंय आपल्याकडून."

"काय हवं असेल?"

तिनं ताटावरून डोळे न उचलता स्वयंपाकघराकडे हनुवटी केली. तिथे जयेश शीळ घालत भिजवायचं पातेलं घासत होता.

"तो," ती म्हणाली.