वहीत सगळीकडे चार

लिफ्टच्या पेटीच्या टपावर चढून काम करण्यात बारकीचा हात धरणारं कंपनीत दुसरं कुणी नव्हतं. अंगानं काडी, म्हणून सगळे बारकी म्हणायचे. जीभ मात्र चांगली हातभर. आठ महिन्यांपूर्वी ती टपावर उभी असताना लिफ्ट अचानक वर सुटली आणि छताच्या तुळईखाली तिचा खांदा चेपला. वीस मिनिटं ती तशीच अडकून होती. हाड जुळलं, पण लिफ्टचं दार सरकल्याचा नुसता आवाज आला तरी ती पाठ फिरवून जिना गाठायची. आता आणखी तीन महिन्यांत ती पुन्हा टपावर चढली नाही, तर तिची कायमची बदली गोदामात होणार होती.

समुपदेशक बाईंनी तिला एक वही दिली. आधी लिफ्टच्या दारापाशी उभं राहायचं, मग आत, आणि दर वेळी भीतीला शून्य ते दहातला आकडा द्यायचा. महिनाभर बारकीनं रोज वही भरली.

बाईंनी पानं उलटली. "सगळीकडे चार?"

"हो."

"दारापाशी चार, आत चार. आणि आत्ता सहा मजले जिन्यानं चढून आलात, धाप अजून गेली नाही. हेही चारच का?"

बारकी खुर्चीत चुळबुळली. "आमच्या तपासणीत बिघाडाचा आकडा पाचाच्या वर गेला, की लिफ्टला कुलूप लागतं. मग चारच लिहिणार ना माणूस!"

बाईंना हसू आवरेना. बारकीही हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "आत गेलेच नाही मी. दारापाशीच नऊ होते."

"नऊ चालतील की. इथे कुणी कुलूप लावत नाही. खरा आकडा कळला, तर पायरी केवढी ठेवायची ते मला ठरवता येईल."

पायरी लहान झाली. दारापासून दहा पावलांवर उभं राहायचं, आकडा उतरेपर्यंत हलायचं नाही. नऊ, नऊ, सात, पाच. काही न करता तो आपोआप उतरतो, याचंच बारकीला नवल वाटलं. मग पाच पावलं, मग दार, मग आत. आत पहिल्यांदा गेली तेव्हा ती रडली, पण बाहेर पळाली नाही.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात ती एका इमारतीत वरच्या मजल्याच्या उघड्या दारातून टपाशी आली. जोडीला जुने मेकॅनिक काका होते.

"बारके, नाही जमलं तर गोदामात पंखा आहे बरं."

"तो तुमच्या म्हातारपणासाठी राहू द्या!"

तिनं तपासणीची कळ फिरवली. लिफ्ट आता फक्त तिच्या बोटावर चालणार होती. कळ दोनदा बघून ती टपावर उतरली.

"काका, आठ!"

"काय आठ?"

"भीती."

"मग ये वर!"

"कशाला? हात चालतायत की माझे."

तिनं बटण दाबलं. पेटी संथपणे खाली निघाली. सातव्या मजल्यापाशी कर्रर्र आवाज आला आणि बारकीनं लिफ्ट थांबवली. रहिवासी तीन आठवडे याच आवाजानं वैतागले होते, दोन जण तपासून हात हलवत परतले होते. पेटी ज्यावर सरकते त्या रुळालगतच्या चाकावरून तिनं बोट फिरवलं. एका बाजूचं रबर पार झिजलं होतं.

"काका, डावं चाक गेलंय! तीन आठवडे कान कुठे गहाण ठेवले होते सगळ्यांनी?"

वरून काकांचं खदखदून हसणं आलं. "नवं चाक आणतो. तोवर येतेस बाहेर?"

"नको," बारकी म्हणाली आणि पाना काढून खाली बसली. "तुम्ही आणा. मी जुनं सोडवायला घेते."