शेळगावच्या स्वरूपाचा श्वास

मित्रांनो, लहानशा दुधी भोपळ्याएवढी, काळ्या रबराची एक जुनी पिशवी म्हणजे मी. माझ्या एका टोकाला झडप आहे. मला दाबलं की पोटातली हवा झडपेतून पुढे जाते आणि सोडलं की मी आपोआप फुगते. ज्याचा श्वास बंद पडला असेल त्याच्या छातीत हवा भरायची, हेच माझं काम. त्याला वीज लागत नाही, माणसाचे हात मात्र लागतात. दवाखान्यात मला अंबू बॅग म्हणतात.

माझा जन्म मुंबईतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथून मी इंदापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात आले आणि थेट कुलपात गेले. नवी वस्तू खराब होईल म्हणून मला कुणी खोक्याबाहेरही काढलं नाही. एकदा पळसदेवच्या म्हस्कू नावाच्या मासेमाराला नाग चावला. इंजेक्शन चालू असतानाच त्याचा श्वास थांबला. मी त्याच्या खाटेपासून चार पावलांवर कपाटात होते. पण मला कसं वापरायचं हेच तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हस्कूला त्याच्या भावांनी झोळीत घालून नेलं. ती झोळी दाराबाहेर जातानाचा आक्रोश मी खोक्यातून ऐकला आहे.

पुढच्या वर्षी डॉक्टर ज्योत्स्ना तिथे रुजू झाल्या. औषध मिळूनही सर्पदंशाची माणसं का दगावतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. गावोगाव जाऊन घरच्यांना विचारत होत्या. नागाच्या विषाने आधी श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि औषधाचा गुण यायच्या आत माणूस गुदमरतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. तोवर हातांनी श्वास देत राहिलं, तर किती जण वाचतील? त्यांना हे पडताळून पाहायचं होतं. त्यांनी कपाट उघडायला लावलं, मला बाहेर काढलं आणि नर्सबाईंना शिकवायला सुरुवात केली. त्यांत कन्हेरीच्या करुणाताई होत्या. त्यांचे हात लहान होते. पहिले काही दिवस मी त्यांच्या पकडीतून निसटायची. पण त्या रोज बाहुलीवर सराव करत राहिल्या आणि हळूहळू मला त्यांच्या बोटांची सवय झाली.

मग तो मे महिना आला. सकाळीच ऊन भाजून काढत होतं. शेळगावची एक जीप दवाखान्याच्या दारात येऊन थांबली. संभाजी नावाच्या शेतकऱ्याने आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन आत धाव घेतली. मागून त्याची म्हातारी आई, लीलाबाई, रडत येत होती.

"गंजीतनं कडब्याची पेंडी वढाय गेली न् नाग हाताला डसला! मी कडूलिंबाचा पाला चावाय दिला, तर म्हनती कडूच लागत न्हाय."

मुलीचं नाव स्वरूपा. ती चौथीत होती. तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या आणि शब्द जड झाले होते. डॉक्टरांनी लगेच सापाचं इंजेक्शन सुरू केलं. पण विष पुढे होतं. थोड्याच वेळात तिची मान लुळी पडली, छाती हलायची थांबली. डॉक्टरांनी तिच्या श्वासनळीत नळी घातली. करुणाताईंनी मला त्या नळीला जोडलं आणि दाबलं.

स्वरूपाची छाती वर आली. पुन्हा दाबलं, पुन्हा वर आली. बाहुलीच्या छातीला ऊब नसते, मित्रांनो. ही छाती ऊबदार होती.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं, तर इथली गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली आणि शेळगावची जीपही परतलेली. थोड्या वेळाने वीज गेली, पंखा थांबला. मग ऑक्सिजनचं नळकांडंही संपलं. आता फक्त साधी हवा, मी आणि करुणाताईंची बोटं. घामाने मी सारखी निसटत होते. ऊन डोक्यावर आलं तरी स्वरूपाचं बोटसुद्धा हललं नाही. लीलाबाईंनी वाकून नातीची पापणी उचलली. डोळ्यातली बाहुली मोठी, थिजलेली होती.

"संभाजी, बघ की रं, काय ऱ्हायलंय का त्यात?" त्या हंबरडा फोडून म्हणाल्या. "नळ्या घालून पोरीचं हाल चाललंय. घरला नेऊ तिला."

संभाजी भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला आणि त्याने करुणाताईंचा हात धरला.

"बाई, आता बास करा."

हात थांबला. मी फुगलेली तशीच राहिले. स्वरूपाची छाती खाली गेली ती वर आलीच नाही. माझ्या पोटात हवा होती आणि मला ती स्वतःहून देता येत नव्हती!

करुणाताईंनी हात हिसडून सोडवला आणि मला दाबलं. दुसऱ्या हाताने त्यांनी संभाजीची बोटं ओढून मुलीच्या गळ्यावर टेकवली.

"हितं धरा. काय लागतंय?"

संभाजीने बोटं दाबून धरली. "उडतंय की वो!"

"मग? मेलेल्याची नाडी उडती व्हय? तिच्या अंगात ताकद न्हाय, म्हणून ती हलत न्हाय. पण तिला सगळं ऐकू येत असंल. तिच्यासमोर पुन्यांदा असलं बोलू नका."

लीलाबाईंनी पदर तोंडात कोंबला.

एवढ्यात माझ्या झडपेत चिकट लाळ अडकली. करुणाताई दाबत होत्या, पण हवा पुढे जाईना. स्वरूपाचे ओठ काळपट पडू लागले. आपल्यामुळे ती जाणार, असं मला वाटलं. करुणाताईंनी मला झटकन सोडवून डॉक्टरांच्या हाती दिलं आणि त्या नळीत स्वतःच्या तोंडाने फुंकत राहिल्या. डॉक्टरांनी झडप उघडली, धुतली, झटकली, पुन्हा बसवली. मी जागेवर आले. हवा गेली. ओठांचा रंग परत आला.

करुणाताईंच्या बोटांना आता पेटके येत होते. डॉक्टर आणि दुसऱ्या नर्सबाई आलटून पालटून हात देत होत्या, पण वॉर्डात दुसरेही पेशंट होते. संभाजी जवळ आला.

"मला जमंल का, बाई?"

"जमंल. तुमी श्वास घ्याल, तवा तिलाबी द्या. आणि बोलत ऱ्हावा तिच्यासंगं."

त्याचा हात नांगर धरणाऱ्याचा, राकट. पहिल्यांदा त्याने मला फार जोरात दाबलं. करुणाताईंनी त्याच्या हातावर हात ठेवून बेताने कसं दाबायचं ते दाखवलं. मग तो दाबत राहिला आणि मुलीला गाईच्या वासराचं, शाळेचं, काय सुचेल ते सांगत राहिला. हात मात्र थांबला नाही.

ऊन कललं तेव्हा स्वरूपाच्या करंगळीने चादर ओढली. मग पापणी थरथरली. मग मला नळीतून उलटा धक्का बसला. तो तिचा स्वतःचा श्वास होता!

दुसऱ्या दिवशी नळी निघाली. तिचा घसा बसला होता. संभाजी तिला चमच्याने पाणी पाजत होता.

"आण्णा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुमी बास करा म्हनला, तवा मी लई वरडले. पन कुनालाच ऐकाय गेलं न्हाय."

संभाजीने चमचा खाली ठेवला. मग त्याने मुलीच्या पायांवर डोकं टेकलं.

ज्योत्स्नाताईंच्या अभ्यासात स्वरूपाची नोंद झाली. नंतर त्यांनी इंदापूर-बारामती भागातल्या कितीतरी नर्सबाईंना माझ्यासारख्या पिशव्या वापरायला शिकवलं. त्या गावात माहिती द्यायला गेल्या, की संभाजी आपणहून उभा राहायचा आणि सांगायचा, "डोळं बघू नका, नाडी बघा." मी पुढे कितीकांना श्वास दिला. सगळेच वाचले नाहीत. आता माझ्या रबराला भेगा पडल्या आहेत. पेशंटला लावत नाहीत, नव्या मुलींना सरावासाठी देतात. त्या माझी झडप उघडतात, धुतात, पुन्हा बसवतात, हे मला आवडतं.

मित्रांनो, जीव वाचवणारी वस्तू कुलपात जपू नका. ती वरचेवर हाताळा, स्वच्छ ठेवा, वापरायला शिका. आणि कधी तुमचं माणूस दवाखान्यात निपचित पडलेलं असेल, तर त्याच्या उशाशी बसा, त्याचं नाव घेऊन बोला. उत्तर आलं नाही तरी बोलत राहा.

ते आत जागं असेल, तुमच्या आवाजाची वाट बघत.