चंद्राईचा फाळका

दोन हजार बावीस साल होतं ते. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात वादळ आलं आणि मनोरीच्या किनाऱ्याला बांधलेली अनंताची होडी खडकावर आपटून आपटून फुटली. त्याच्या आईच्या नावाची होडी, ‘चंद्राई’. अनंताने तिच्या फळ्या स्वतः बसवल्या होत्या, दर वर्षी पावसाआधी तिच्या फटी स्वतः बुजवल्या होत्या. फुटलेलं लाकूड लोकांनी चुलीला नेलं. अनंता त्या दिवसापासून बोलेनासाच झाला. ओसरीवर बसायचा, ताट समोर आलं की जेवायचा, उचललं की हात धुवायचा. त्याच्या बायकोला, सगुणाला, देवाकडे मागायला एकच गोष्ट उरली होती: या माणसाला पुन्हा माणसात आण.

मुलगा सर्वेश. त्याने एक जुनी पिकअप घेतली. मासळीचे क्रेट भरायचे, गोराई-उत्तनवरून फिरून भाईंदरमार्गे चारकोपच्या बाजारात न्यायचे. बाजारात सगुणा आणि सून जान्हवी एकाच फळीवर बसून विकायच्या. जान्हवी तोंडाची फटकळ, हाताची चपळ. गिऱ्हाईक भाव करू लागलं की म्हणायची, “काकी, पापलेट आहे, कोथिंबीर नाय. घ्यायचा तर घ्या, नायतर त्याला ऊन लागतोय.”

गाडीवर नाव घालायची कल्पना तिचीच. एकदा जेवताना ती सासऱ्याकडे न बघता म्हणाली, “होडी गेली तर गेली, नाव कशाला जायला पायजे? गाडीच्या फाळक्यावर लिवा ना, बा. मागून येणारा प्रत्येक जण वाचेल.”

अनंताचा घास हातात थांबला. तो उठून बाहेर गेला आणि पिकअपचा हौदा मागून बंद करणाऱ्या फाळक्यासमोर उभा राहिला. आत येऊन म्हणाला, “मधी हँडल हाय.”

वर्षभरात त्याने आपणहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. सगुणाने पदर तोंडात धरला.

हँडल फाळक्याच्या बरोबर मधोमध होतं. नाव लिहायचं तर ‘द्रा’वरच येणार. आणि त्यांच्या घराण्यात नावाला भोक पाडत नसत. होडीवर नाव घातलं की त्या फळीत खिळासुद्धा मारायचा नाही, हे अनंताच्या बापापासून चालत आलेलं. त्यामुळे नाव वर सरकवा, बारीक लिहा, हे कुणी सुचवलंच नाही. हँडलच काढायचं ठरलं.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत गाड्यांचा पत्रा ठोकून देणाऱ्या सहदेव नावाच्या मालवणी डेंटरचा गाळा होता. बाप गिरणीत होता, हा पत्र्याच्या कामात आला. त्याने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“अरे, लोक ह्यां असलां काम हौशीच्या गाड्येक करतत. तुमी मासळीच्या गाड्येक करतास?”

“करतंव,” अनंता म्हणाला.

“आणि फाळको उघडूचो कसो? मंत्र म्हणान?”

“त्ये तू बघ. म्हणून तर तुझ्याकडं आलो.”

सहदेव हसला. हँडल ओढलं की आतल्या सळ्या दोन्ही बाजूंच्या कड्या सोडवतात, त्या सळ्यांना तार जोडून तिचं टोक आतल्या बाजूला काढायचं, असं त्याने ठरवलं. बाहेरून काही दिसणार नाही, हौद्यात हात घालून तार ओढायची.

सगुणा बाजार आटपून डबा घेऊन तिकडे जायची. अनंता दिवसभर गाळ्यात. सहदेवाने हँडल काढलं, एका जुन्या दरवाजाच्या पत्र्यातून त्या भोकाच्या मापाचा तुकडा कापला आणि एकेक ठिपका वेल्डिंग करत बसवला. एक ठिपका इकडे, एक पलीकडे, मधे ओलं फडकं. सलग टाका घातला तर पत्रा तापून वेडावाकडा होतो, तो सांगायचा, आणि अनंता मान डोलवायचा, लाकडाचंही तसंच असतं म्हणायचा. मग ग्राइंडर, मग लांबीचा लेप, मग पाणी मारून घासणं. घासायचं काम अनंताने मागून घेतलं. डोळे मिटून फाळक्यावरून तळवा फिरवायचा, खडा लागला की पुन्हा घासायचा.

शेवटी त्याने सगुणाला बोलावलं. “डोले मीट. आता सांग, हँडल कुठं होता?”

तिने हात फिरवला. गार, गुळगुळीत पत्रा. “नाय सापडत,” ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

“ह्येला काय झाला रडायला?” अनंता म्हणाला. “येडी हाय.”

निघताना सहदेवाने फाळक्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. “हयसर बारीक भोकां असत. ती तशीच ठेवा हां. तार काढलंय थयसून पाणी आत जातला, तेका खालसून भायर जावक वाट होई.”

परतताना उत्तन आलं. अनंता एकदम मोठ्याने हसला. “पाण्याला वाट ठेवा म्हणतो! आमी जन्मभर काय केला? पाण्याची वाट बुजवली. भोक ठेवलेली होडी कोण दर्यात घालतो?”

“गाडी हाय ती, बा,” सर्वेश म्हणाला.

“तू गाडी चालव.”

नाव अनंताने स्वतः रंगवलं, पिवळ्यात, लाल कड देऊन. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने माळ्यावरून राळ आणि कापूस काढला. सगुणाला म्हणाला, “जरा चुलीवर राळ पातळ कर.” कशाला ते तिने विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. पावसाळ्याआधी राळेचा वास घरात भरायचा, अनंता होडीखाली उताणा पडायचा, अशी कितीतरी वर्षं तिच्या डोळ्यांपुढून गेली. तिने राळ ढवळली. त्याने कापसाच्या वाती वळून फाळक्याचं एकेक भोक दाबून बुजवलं आणि गाडीखालून उठताना बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडीला डोकं आपटून शिवी घातली. ती शिवीसुद्धा तिला गोड लागली.

त्यानंतरचे महिने सगुणा सुखात होती. अनंता रोज पहाटे गाडीत बसायचा, बाजारात क्रेट उतरवायचा, सुनेशी भांडायचा. पुढे तो आणि सगुणा बसायचे, जान्हवी मागे हौद्यात, फाळक्याला पाठ लावून, म्हणजे चढावर क्रेट घसरत नाहीत. रोज बर्फ वितळायचा, खारं पाणी फाळक्यात झिरपायचं आणि तिथेच राहायचं. बाहेरून रंग आरशासारखा.

शिमग्यानंतरची गोष्ट. उत्तनच्या चढावर सर्वेशने गिअर बदलला, गाडीला हिसका बसला आणि मागे मोठा आवाज झाला. सगुणाने वळून पाहिलं तर फाळका नव्हता. जान्हवी रस्त्यावर पडली होती, तिच्यावर क्रेट, आणि मासळी उतारावरून वाहत चालली होती.

जान्हवीचा कंबरेतला मणका मोडला होता. तिला मुंग्या येत नव्हत्या की दुखत नव्हतं, कंबरेखाली काही कळतच नव्हतं. डॉक्टरांनी सर्वेशला बाजूला नेऊन सांगितलं, ती पुन्हा चालेल अशी आशा ठेवू नका.

सर्वेश तसाच चारकोपला गेला. पिकअप आणि फाळका तिथे ओढून आणला होता. सगुणा आणि अनंता त्याच्या मागे. सर्वेशने सहदेवाची कॉलर धरली. “काय केलंस तू? काय काम केलंस?”

सहदेवाने कॉलर सोडवली नाही. त्याची नजर आडव्या ठेवलेल्या फाळक्याच्या खालच्या कडेकडे गेली होती. त्याने स्क्रू ड्रायव्हर घेऊन एक भोक मोकळं केलं. तांबूस, घाण वासाचं पाणी भळभळ बाहेर आलं. आतला पत्रा गंजून बिस्किटासारखा झाला होता. कड्या ज्याला धरून होत्या तेच उरलं नव्हतं.

सहदेवाने एकदा अनंताकडे पाहिलं. मग तो सर्वेशला म्हणाला, “माझीच चूक. पत्रो हलको वापरलंय.”

सगुणाला वाटलं, देवा, एवढं तरी खरं ठरू दे.

पण अनंता खाली वाकला होता. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिकटलेला कापूस त्याने काढून घेतला, दोन बोटांत वळून पाहिला. त्याची वात तो ओळखणार नाही तर कोण?

“तो खोटा बोलतो,” तो सर्वेशला म्हणाला. “मी बुजवली.”

सर्वेश बापाला एक शब्द टाकून बोलला असता तर बरं झालं असतं, असं सगुणाला पुढे कितीदा वाटलं. तो फक्त सहदेवाची कॉलर सरळ करत राहिला.

जान्हवी अजून खाटेवर आहे. निवडलेली सुकट पिशव्यांत भरते. सासऱ्यावर ती कधी रागावली नाही, पण आता ती कुणालाच काही लागेल असं बोलत नाही. सर्वेश अंधेरीला एका कंपनीची बस चालवतो आणि सुट्टीच्या दिवशीच मनोरीला येतो. सहदेवाने गाळा सोडला, तो गावी गेला असं ऐकलं. अनंता पुढच्या पावसाळ्यात गेला. आजार असा काही नव्हता. आधी बोलणं गेलं, मग जेवण. शेवटी सगुणा त्याच्या तोंडात पेजेचा चमचा घालायची आणि पेज ओठांतून परत यायची.

ती आता तरीने खाडी ओलांडून मार्व्याला उतरते आणि पाटी घेऊन चारकोपला बसते. फळीवरची सुनेची जागा तिने रिकामी ठेवली होती. गेल्या महिन्यात तिथे दुसरी बाई बसायला लागली. सगुणाने तिला हटकलं नाही.